अडतीस टक्क्यांचा साग

मेघाला पहिला राग आला तो फोटोचा.

वर्षभर मान मोडून तिनं अहवाल लिहिला होता. तो छपाईला जायच्या बेतात होता, शुक्रवारी संचालक मंडळाची बैठक होती, आणि बुधवारी सकाळी प्रेमानंद साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की मुखपृष्ठावर फोटो पाहिजे. डावीकडे सुधारित साग, उजवीकडे साधा साग आणि दोन्ही खोडांशेजारी एकच माणूस उभा. म्हणजे जाडीतला फरक बघताक्षणी डोळ्यांत भरेल.

"आत तक्ते आहेत ना सर," मेघा म्हणाली.

"तक्ते कोण बघतं? अर्धे संचालक चष्मा घरी विसरून येतात."

हे खरं होतं, म्हणून तर राग जास्त आला. प्रेमानंद साहेब कन्हान खोरे वृक्षशेती संघाचे व्यवस्थापकीय संचालक. माणूस वाईट नाही. कुणावर आवाज चढवणार नाही, चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडणार नाही. पण त्यांच्यासमोर पाच मिनिटं बसलं, की आपण वनअर्थशास्त्रात डॉक्टरेट केली आहे की लग्नाचे अल्बम बनवतो, असा प्रश्न मेघाला पडायचा.

संघानं अठरा वर्षांपूर्वी खाप्याच्या पलीकडे भाडेपट्ट्यानं जमिनी घेऊन साग लावला होता. बहुतेक सगळा साधाच, जंगलात वेचलेल्या बियांपासून वाढवलेला. एका तुकड्यात मात्र सुधारित साग होता. म्हणजे जंगलातलं सगळ्यात सरळ आणि जाड झाड हेरून, त्याच्या फांद्यांवरच्या डोळ्यांपासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं. सगळी एकाच आईची, जुळी म्हणावीत इतकी सारखी. किंमत साध्या रोपाच्या पाचपट. ही पाचपट किंमत परवडते की नाही, हे शोधून काढणं मेघाचं काम होतं. वरवर वाटतं तितकं ते सोपं नसतं. आज रोपावर घातलेला जादा रुपया तीस वर्षं मनातल्या मनात व्याज चढवत बसलेला असतो. झाड त्या व्याजाच्या पुढं धावलं तरच सौदा फायद्याचा, नाहीतर नुसती हौस.

आणि झाड धावत होतं. सुधारित सागात अडतीस टक्के जास्त लाकूड भरलं होतं. एकच गाव, एकच वर्ष, दोन झाडांमधलं अंतरही एकच. मेघानं हा आकडा उलटसुलट तपासला, व्याजाचे तीन वेगवेगळे दर लावून बघितले, आणि शेवटी निष्कर्ष काढला, की फरक एवढा मोठा असेल तर साधा साग पुरता वाढू देणंसुद्धा तोट्याचं आहे. तो अर्ध्या वयातच तोडावा, बांधकामाच्या बल्ल्या म्हणून विकावा आणि त्या जागी सुधारित लावावा. लकडगंजातले लाकडाचे व्यापारी बल्ल्यांचा भाव विचारून गेले होते. शुक्रवारी मंडळानं मान हलवली, की होळीच्या आधी कुऱ्हाडी चालणार होत्या. कितीतरी टेकड्या साफ होणार होत्या, आणि त्या सगळ्या मेघाच्या सहीवर.

संघाची जीप साहेबांच्या पाहुण्यांना घेऊन रामटेकला गेली होती. तेव्हा मेघानं नेहमीप्रमाणे भावाला फोन लावला. प्रशिक तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. स्वतःची टॅक्सी चालवायचा. संघाचं भाडं त्याला मिळायचं आणि बिलावर सही घ्यायला मेघाच्या मागे तो महिनाभर फिरायचा, त्यावरून दोघांची कायम कुरबुर चालायची.

"फोटो काढाले खाप्याले जाऊन राहिली?" सावनेर रस्त्याला लागल्यावर प्रशिकनं विचारलं. "झाडाचा फोटो त इथं महाराजबागेतबी निघते."

"दादा, तू गाडी चालव."

"चालवूनच राहिलो न वं. तोंडानं थोडीच चालवतो."

खाप्याच्या पुढे, कन्हान नदी ओलांडून गेल्यावर, जागेश्वर त्यांची वाट पाहत उभा होता. जागेश्वर म्हणजे संघाचा तिथला देखरेख करणारा माणूस. पहिलं रोप लागलं तेव्हापासूनचा. मेघाला दर तीन महिन्यांनी जे आकडे ईमेलनं यायचे, ते सगळे त्याच्या हातचे. गंमत म्हणजे वर्षभरात ती त्याच्याशी फोनवर शंभरदा बोलली होती आणि या रानात पाय मात्र आज पहिल्यांदा ठेवत होती. तिला कधी गरजच वाटली नव्हती. आकडे येत होते, गणित सुटत होतं.

जागेश्वरनं आधी तर्री-पोहे खायला घातले आणि मग त्यांना सुधारित सागाकडे नेलं. नाल्याच्या काठानं चालत गेल्यावर तो तुकडा लागला. जमीन काळीभोर, खोल, पायाखाली मऊ. फेब्रुवारी महिना, पण नाल्यात अजून पाणी होतं. साग सरळसोट वर गेलेला. बघून जीव निवला. प्रशिकनं एका खोडाला थाप मारली आणि "पैसा हाय बाप्पा" असं म्हणून मोकळा झाला.

मेघानं फोटो काढला. "आता साधा साग दाखवा."

"तो तिकडं हाय मॅडम, टेकडीवर. गाडीनं जा लागते."

"गाडीनं?"

गाडी खडखडत चढली. वर सगळा मुरूम, लाल आणि कोरडा, बुटाची टाच मारली तरी आवाज यावा असा. साग होता, नाही असं नाही. पण उपाशी माणसं रांगेत उभी असावीत तसा. मेघा खाली उतरली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि फोटो न काढताच जागेश्वरकडे वळली.

चिडली की मेघाची मराठी पुस्तकी होते, हे घरच्यांना माहीत होतं. प्रशिकनं तिचा चेहरा बघितला आणि गाडीतच बसून राहिला.

"जागेश्वरजी, हे दोन तुकडे शेजारी शेजारी नाहीत?"

"नाही ना मॅडम."

"कागदावर एकच गाव लिहिलंय."

"गाव एकच व्हय. हे बी आमचंच, थे बी आमचंच."

"पण जमीन? जमीन एक आहे का? खाली काळी माती, वर मुरूम. सुधारित रोपं खाली आणि साधी वर, हे कुणी ठरवलं?"

जागेश्वरला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "थे महागाचे रोप होते मॅडम. ट्रकमधे पोतं ओलं करून आनले होते. साहेबानं सांगितलं होतं, जिवापाड जपजो. मंग थे काय मुरमात लावू मी? पाव्हन्याले कोनी उकिरड्यावर जेवाले बसवते का?"

"आणि पाणी?"

"पह्यले दोन उन्हाळे टँकरनं देल्लं. खत म्हनून निंबोळीची ढेप बी देल्ली."

"साध्या रोपांना?"

"त्याइले कायले? थे साधे होते ना."

मेघा एका दगडावर बसली. तिला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं ते कळेना. प्रयोग बिघडवायचा असता, तर जागेश्वरनं इतका जीव लावलाच नसता. त्यानं वाईट काही केलंच नव्हतं, चांगलं तेवढंच केलं होतं, आणि त्या चांगुलपणातून तिचे अडतीस टक्के उगवले होते. किती रोपाचे, किती मातीचे, किती टँकरचे, हे आता कोण सांगणार? आणि हे न बघता तिनं व्याजाचे तीन दर लावले होते. तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. या संघात कुणी तिला "जमीन कशी आहे" म्हणून विचारलं नव्हतं, खरं आहे. पण विचारणं हेच तर तिचं काम होतं.

"काय झालं वं?" प्रशिक शेवटी गाडीतून उतरला.

"काही नाही. माझ्या अहवालाचा चिवडा झाला."

त्यानं टेकडीकडे बघितलं, खाली नाल्याकडे बघितलं. "हा त सरळ हिसाब हाय. त्याइले नाला भेटला, याइले टेकडी."

"मला माहीत आहे, दादा."

"मंग चिडून काहून राहिली?"

मेघा पाय आपटत गाडीत जाऊन बसली. गाडी खाली आली, आणि निघण्याआधी तिनं सुधारित तुकड्याकडे शेवटचं एकदा रागानं बघितलं. म्हणूनच तिला ते दिसलं. सकाळी फोटोच्या नादात दिसलं नव्हतं.

फेब्रुवारीत साग पानं टाकतो. तुकड्यातली बहुतेक झाडं एकजात उघडी झाली होती, जणू सगळ्यांनी एकाच दिवशी अंगरखे काढून ठेवले. एकाच आईची लेकरं, तेव्हा पानगळही एकदमच, हे बरोबरच होतं. पण मधूनच, इथं एक, तिथं दोन, अशी झाडं होती ज्यांच्या अंगावर पानं अजून टिकून होती. कुणाची पिवळी, कुणाची अर्धी हिरवी. जुळ्यांच्या रांगेत ही वेगळ्या तोंडवळ्याची पोरं कुठून आली?

"जागेश्वरजी," मेघा म्हणाली, "ही पानं असलेली झाडं कोणती?"

जागेश्वर नाल्याकडे बघायला लागला. मग मान खाजवायला लागला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला प्रश्न नीट कळला होता.

"मॅडम, थे... पह्यल्या उन्हाळ्यात खास रोपं बरेच मेले. नाजूक होते ना. अन साहेब येनार होते पाहाले. मंग म्या नांग्या भरल्या."

शेतात बी उगवलं नाही, की रिकाम्या जागी पुन्हा रोप लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. कोणताही शेतकरी करतो. रान भरलेलं दिसावं, एवढंच त्याच्या मनात असतं.

"कशानं भरल्या?"

"साध्या रोपानं. टेकडीवर लावून उरले होते थे."

"आणि मला एकदाही सांगितलं नाही?"

"तुमी फक्त झाडं किती हाय अन घेर किती हाय थेच विचारे ना."

मेघाला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. या माणसानं तिची तुलना एकदा मातीनं बिघडवली होती, दुसऱ्यांदा लपवाछपवी करून. पण त्या लपवाछपवीमुळे साधी आणि सुधारित झाडं त्याच काळ्या मातीत, त्याच ओलीत, त्याच ढेपेवर, शेजारी शेजारी वाढली होती. अठरा वर्षं खरी परीक्षा इथंच चालू होती आणि ती कुणी घेतलीच नव्हती.

"टेप आणा," ती म्हणाली.

दुपार सगळी मोजण्यात गेली. पानं असलेल्या झाडांवर खडूची खूण, उघड्यांवर काही नाही. जागेश्वर छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा, प्रशिक दुसरं टोक धरून आकडा ओरडायचा, मेघा लिहायची. उंचीही मोजली. प्रशिकची त्या दिवसाची दोन भाडी बुडाली आणि ते त्यानं चारदा ऐकवलं. उन्हं कलली तेव्हा मेघा बोनेटवर लॅपटॉप ठेवून हिशोब करत होती, आणि जागेश्वर परीक्षेचा निकाल लागावा तसा बाजूला उभा होता.

सहा टक्के. शेजारच्या साध्या झाडापेक्षा सुधारित झाडात लाकूड जास्त होतं ते सहा टक्क्यांनी. बाकी सगळं मातीचं.

परतीच्या रस्त्यावर पाटणसावंगी मागे पडल्यावर प्रशिक म्हणाला, "आपल्या घरी बी असंच झालं न."

"काय असंच?"

"तुले खोली, मले ओटा."

इंदोरा वस्तीतल्या घरात पंख्याची खोली एकच होती. मेघा पाचवीत पहिली आली, बाई घरी येऊन सांगून गेल्या, की पोरगी हुशार आहे, हिला जपा. तेव्हापासून ती खोली तिची झाली. प्रशिक ओट्यावर झोपायचा आणि पंधराव्या वर्षापासून गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायचा. मेघाच्या शिकवणीची फी त्यातूनच जायची.

"तू अभ्यास करतच नव्हता, दादा," ती फटकन म्हणाली. वयाच्या बाराव्या वर्षापासून हेच उत्तर तिच्याकडे तयार होतं.

"हाव, नोतो करत," प्रशिक म्हणाला. "गठ्ठे उचलून आल्यावर डोये मिटत. मी भांडून नाही राहिलो वं. आज टेप धरता धरता डोक्यात आलं, बस."

मेघाला प्रचंड राग आला. झाडांचं माणसांवर ओढण्याचा हा कसला आचरटपणा? ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि गाडी इंदोऱ्यात शिरेपर्यंत तिला कळून चुकलं होतं, की त्याला खोडून काढायला तिच्याजवळ एकही मुद्दा नाही.

गुरुवारी तिनं अहवाल नव्यानं लिहिला. शुक्रवारी अकरा वाजता सदर भागातल्या कार्यालयात बैठक सुरू झाली. लांब टेबल, मधोमध फुलदाणी, प्रत्येकासमोर बिस्किटाची बशी. प्रशिक खाली गाडीत होता. बैठक झाल्यावर हिशोब विभागाच्या प्रमुख वंदना मॅडमना घेऊन, दोन्ही तुकडे दाखवायला, मेघाला पुन्हा खाप्याला जायचं होतं.

मेघानं सगळं सांगितलं. माती, टँकर, नांग्या, सहा टक्के. जागेश्वरची चूक सांगितली आणि तिच्याआधी आपली. मग ती म्हणाली, की साधा साग अर्ध्यात तोडायची शिफारस मी मागे घेते आहे.

एक संचालक म्हणाले, "म्हणजे सुधारित रोपं फसवी?"

"नाही. चांगली आहेत. सहा टक्क्यांनी चांगली आहेत."

"अहो, सहा टक्के म्हणजे काहीच नाही."

"सहा टक्के म्हणजे पुष्कळ आहे," मेघा म्हणाली. "प्रत्येक झाडामागे, तीस वर्षं. रोप पाचपट महाग आहे म्हणून ते परवडत नाही. दुप्पट किमतीत मिळालं तर नव्या जमिनीवर आपण तेच लावावं. पण उभा साग त्यासाठी तोडू नये. तो वाईट नाही, तो मुरमात उभा आहे. तिथं सुधारित लावलात, तर तोही तसाच उभा राहील."

हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग तिसऱ्यांदा, दुसऱ्या शब्दांत. एका सदस्यानं विचारलं, की अडतीस आणि सहाच्या मधला एखादा आकडा धरता येणार नाही का, म्हणजे दोन्ही बाजूंचा मान राहील. मेघानं पेन टेबलावर ठेवलं, कारण हातात राहिलं असतं तर मोडलं असतं.

तेव्हा प्रेमानंद साहेब बोलले. नेहमीसारखे, मायेनं.

"मेघा, तुमचा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण तुम्ही मातीला फार मोठं करताय. अस्सल वाण लपत नाही हो. तुमचंच घ्या ना. एक घर, तेच आईबाप, तीच परिस्थिती. तुमचे बंधू टॅक्सी चालवतात आणि तुम्ही डॉक्टरेट होऊन इथं बसलात. हे मातीनं झालं का? मूळचा कसच लागतो."

ते कौतुक होतं. मनापासूनचं होतं. आजूबाजूच्यांनी मानाही हलवल्या. मेघानं हे कौतुक शाळेपासून ऐकलं होतं, बक्षीस समारंभात, मुलाखतीत, नातेवाइकांच्या लग्नांत, आणि दरवेळी तिला ते आवडलं होतं. आज मात्र तिला राग आला.

"घर एक होतं, सर," ती म्हणाली. "जमीन एक नव्हती. पंख्याची खोली मला होती. दादा ओट्यावर झोपायचा. मी अभ्यास करायचे तेव्हा तो गांधीबागेत गठ्ठे उचलायचा आणि माझी फी भरायचा. पंधरा वर्षांचा होता. सगळे म्हणायचे, मेघा हुशार, प्रशिक तसाच. मीही म्हणायचे. तुम्ही आज जे बोललात ते मी आयुष्यभर मानत आले, म्हणूनच एकच गाव वाचलं आणि जमीन विचारावी असं मला वाटलंच नाही."

प्रेमानंद साहेब गोंधळून गेले. त्यांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत वंदना मॅडम बोलल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. "मला एवढं कळतं, की तोडलेलं झाड परत उभं करता येत नाही आणि न तोडलेलं पुढच्या वर्षीही तोडता येतं. सगळ्या टेकड्यांची माती तपासा. तोपर्यंत तोड नको. या आकड्यावर मी पैसे सोडणार नाही."

तोडीच्या कागदावर कुणालाच सही करायची नव्हती, तेव्हा सगळ्यांना ते पटलं. तोड थांबली. ठराव लिहिला गेला. प्रेमानंद साहेबांनी मेघाला दारापर्यंत पोचवलं आणि हळूच म्हणाले, "बंधूंना वर बोलवायचं होतं ना, चहा घेतला असता." त्यांच्या बोलण्यात काहीही वाकडं नव्हतं. त्या माणसाचं करायचं तरी काय, हे मेघाला तेव्हाही कळलं नाही.

वंदना मॅडमना अर्धा तास लागणार होता. मेघा खाली आली. आज बऱ्याच वर्षांनी तिला हलकं वाटत होतं. टेकड्या वाचल्या होत्या, आणि जे कधी बोलली नव्हती ते ती चारचौघांत बोलून आली होती. गाडीत बसता बसता तिनं सगळं प्रशिकला सांगितलं. साहेब काय म्हणाले, आपण काय म्हणालो, खोली, ओटा, गठ्ठे. तो खूश होईल अशी तिची खात्री होती.

प्रशिकनं समोरच्या काचेकडे बघत ऐकून घेतलं.

"मले विचारलं होतं का तू?" तो म्हणाला.

"काय?"

"मह्या गठ्ठ्याचं, मह्या ओट्याचं त्या लोकाइसमोर काढाच्या आधी मले विचारलं होतं का? आता मी उद्या तुह्या साहेबाले गाडीत बसवीन, त थो मह्याकडे कसा पाहीन? बिचारा म्हनून?"

"दादा, मी तुह्याच बाजूनं बोलली."

"मही बाजू तुले माहीत हाय काय?" त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "टॅक्सी मही हाय. कर्ज फिटलं. मी कोनाची नांगी भराले नोतो उभा. तू सागासाठी भांडून राहिली होती, त सागाचंच बोलाचं. त्याच्यात मले काहून मोजलं?"

मेघा उसळली. एवढं करून वर बोलणी खायची? या घरात कशालाच काही अर्थ नाही. एकानं खोलीचं काढायचं, आणि दुसऱ्यानं ते कबूल केलं तर तेही चुकलं. तिनं तोंड उघडलं, सगळं सुनवायला, आणि मग तिच्या लक्षात आलं, की बुधवारी टेकडीवर ती स्वतःवर ज्यासाठी चिडली होती, तेच आज तिनं केलं होतं. विचारलंच नव्हतं. आजच नव्हे, कधीच. पंख्याची खोली तिला मिळाली त्या दिवशी नाही, फी भरली जायची तेव्हा नाही, त्यानं गठ्ठे सोडून दुसऱ्याची गाडी चालवायला घेतली तेव्हाही नाही.

बाहेर सदरचा रस्ता भरून वाहत होता. कुणीतरी मागून हॉर्न देत होतं. प्रशिकनं गाडी थोडी पुढे घेतली.

"दादा," मेघा म्हणाली, "तुले काय व्हाचं होतं?"

"कधी?"

"लहानपनी. गठ्ठ्याच्या आधी."

त्यानं खरोखर विचार केला, कपाळावर आठ्या पाडून, बराच वेळ. कार्यालयाच्या दारातून वंदना मॅडम बाहेर येताना दिसल्या, तसं त्यानं मागचं दार उघडायला हात लांब केला.

"तेच त," तो म्हणाला. "कोनी विचारलंच नाही, त म्या ठरवलंच नाही."